कुलूप शाबूत, पोती गायब : हादरा ओळखणाऱ्या घंटेविषयी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



गेल्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांविषयी बोललो होतो. आज विषय जरा वेगळा आहे. दाराला, कपाटाला किंवा पेटीला कुणी धक्का दिला, ठोकलं, उचकटायला घेतलं, की वाजणारी एक घंटा असते. तिच्या आत हादरा ओळखणारा सेन्सर असतो. तुम्ही म्हणाल, हे तर बँकेचं नाहीतर सोनाराचं काम, आपल्याला काय त्याचं? आम्हीही तसंच म्हणत होतो. मग आमच्या गटावर एक प्रसंग आला. तोच आधी सांगतो.

आमच्या गटात आम्ही अकरा जणी. उन्हाळ्यात कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, कापायच्या, वाळवायच्या आणि आमचूर करायचा, हे आपल्या सातपुड्यातल्या घरोघरचं काम. मोलगीच्या बाजारात आमचूर जातो हे तुम्हाला सांगायला नको. पण बाजाराच्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन गेलं, की भाव समोरचा ठरवतो, कारण त्याला ठाऊक असतं की ही बाई माल परत घेऊन घाट चढणार नाही. म्हणून आम्ही ठरवलं, सगळ्यांचा माल एकत्र ठेवायचा आणि भाव पटला की एकदम विकायचा. त्यासाठी बाजाराजवळ एक छोटी खोली भाड्यानं घेतली. खोली विटांची, वर पत्रे, दार लाकडी. एक चांगलं जाड कुलूप घेतलं. किल्ली आमच्यातल्या एका मावशींकडे दिली, कारण त्यांचं घर सर्वांत जवळ.

एका सकाळी दार उघडलं तर दोन पोती कमी. कुलूप जसंच्या तसं. कडी जागेवर. खिडकी नाहीच.

आता तुम्हीच सांगा, कुलूप तुटलेलं नाही म्हटल्यावर बोट कुणाकडे जाणार? तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण विहिरीवर बोललं गेलं, बाजारात बोललं गेलं. मावशींच्या सुनेला कुणीतरी विचारलं, "काय गं, नवीन भांडी घेतली वाटतं?" त्या आठवड्याच्या बैठकीला मावशी आल्या नाहीत. किल्ली नातवाच्या हातानं पाठवून दिली. वीस वर्षं आमच्यात बसलेली बाई, दोन पोत्यांपायी उठून गेली.

चौथ्या दिवशी आमच्यातल्या एकीच्या भावानं, तो सुतारकाम करतो, दाराची चौकट नीट पाहिली. कोयंड्याचे खिळे सैल होते. पहारीनं कोयंडा उचकटला होता, आत जाऊन पोती काढली होती आणि खिळे परत त्याच भोकांत ठोकून बसवले होते. कुलपाला कुणी हातही लावला नव्हता. आम्ही सगळ्या जणी मावशींच्या घरी गेलो, माफी मागितली. त्यांनी चहा दिला. पण किल्ली परत घ्यायला त्या तयार होईनात. म्हणाल्या, "माल गेला तर भरून काढीन, नाव गेलं तर कुठून आणू?"

त्या वाक्यामुळे आम्ही घंटेचा विचार सुरू केला. मालापेक्षा किल्ली सांभाळणाऱ्या बाईच्या नावाची राखण आम्हाला करायची होती.

आता ही घंटा काम कशी करते ते सांगतो. गोष्ट आपल्याला नवी नाही. शेताच्या कडेला आपण दोरी ताणतो आणि तिला रिकामे डबे बांधतो. रात्री रानडुकराचा धक्का दोरीला लागला की डबे खडखडतात आणि माळ्यावर झोपलेला माणूस उठतो. दोरी हलणं हे झालं हादरा ओळखणं, डबे वाजणं ही झाली घंटा. बाजारात मिळणारं यंत्र हेच काम करतं, फक्त दोरीच्या जागी एक छोटा सेन्सर असतो.

हे सेन्सर मुख्यतः दोन जातींचे. पहिला स्प्रिंगचा. एका बारीक नळीत नाजूक स्प्रिंग असते. धक्का बसला की ती थरथरते, आतल्या तारेला टेकते आणि वीज वाहते. हा स्वस्त. त्याला एवढंच कळतं की हललं की नाही हललं. जोरानं हललं की हळू, हे त्याला फारसं कळत नाही.

दुसऱ्याला पिझो म्हणतात. ज्यांच्या घरी गॅस आलाय त्यांनी शेगडी पेटवायचा लायटर आठवा. त्यात सेल नसतो, तरी खटका दाबला की ठिणगी पडते. कशी पडते? आत एक खास खड्यासारखा तुकडा असतो. त्याच्यावर आघात झाला की त्यातून वीज निघते. हा गुण १८८० साली फ्रान्समध्ये पिअर आणि जॅक क्युरी या दोघा भावांनी शोधला. त्यातले पिअर म्हणजे पुढे मेरी क्युरी यांचे पती. रेडियम शोधणाऱ्या मेरीबाईंनी आपल्या मोजमापासाठी याच गुणावर चालणारं क्वार्ट्झचं उपकरण वापरलं होतं. लायटरमध्ये जोराचा आघात होतो म्हणून ठिणगी पडते. घंटेमध्ये दाराची बारीक थरथर त्या तुकड्यापर्यंत पोहोचते आणि अगदी थोडी वीज निघते. यंत्र ती वीज मोजतं. धक्का जेवढा मोठा तेवढी वीज जास्त. म्हणून पिझोच्या यंत्राला सांगता येतं, की एवढ्यापेक्षा मोठा धक्का आला तरच वाज.

मोटारसायकलला हात लावला की ती किंचाळते, तुम्ही पाहिलं असेल. त्यातही हादऱ्याचा सेन्सर असतो. आम्हाला ही कल्पना तिथूनच सुचली. आमच्यातल्या एकीच्या मुलाच्या गाडीला अशी घंटा आहे आणि शेळी घासून गेली तरी ती बोंबलते!

आता जरा दूरचं उदाहरण. नवी मुंबईत जुईनगरला बँक ऑफ बडोदाची शाखा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथे चोरी झाली. चोरांनी जवळचाच एक गाळा भाड्यानं घेतला, किराणा दुकान असल्यासारखं दाखवलं आणि आतून जमिनीखाली सुमारे २५ फुटांचं भुयार खणून थेट लॉकरच्या खोलीत निघाले. शनिवार-रविवार साधला आणि ३० च्या आसपास लॉकर फोडले. सोमवारी सकाळी बँक उघडली तेव्हा समजलं. दार बंद होतं, शटर बंद होतं. आमच्या कोयंड्यासारखंच, नाही का? आपण दाराची राखण करतो आणि चोर दाराच्या बाजूनं येतो.

म्हणूनच तिजोरीच्या खोल्यांमध्ये भिंतीला, फरशीला आणि तिजोरीला बसवायचे हादऱ्याचे सेन्सर असतात. ते महाग असतात आणि हुशारही. ड्रिल मशीनची थरथर वेगळी, हातोड्याची वेगळी आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकची वेगळी. त्यातला फरक ते ओळखतात. भिंतीला भोक पडून होण्याआधी, खणणं चालू असतानाच ते घंटा देऊ शकतात. हादऱ्याच्या सेन्सरचा खरा फायदा हाच. दार उघडल्यावर वाजणारी घंटा चोर आत आल्यावर वाजते. हादऱ्याची घंटा चोर बाहेर खटपट करत असतानाच वाजते. मधली ती दोन-चार मिनिटं आपल्याला मिळतात.

लॉकरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. बँकेच्या हलगर्जीपणामुळे चोरी, दरोडा किंवा आग अशा कारणानं लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. म्हणजे बँकेतसुद्धा सगळं भरून मिळेलच असं नाही.

आता आमची घंटा. आम्ही घेतली ती सेलवर चालणारी, साडेचारशे रुपयांची. खर्च गटाच्या बैठकीत ठराव करून केला आणि वहीत लिहिला. सेलवरचीच का? आपल्याकडे लाईट केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नाही. दुकानदारानं आम्हाला फोनवर संदेश देणारं महागडं यंत्र दाखवलं होतं. ते खोलीत बसवायचं आणि त्यात सिमकार्ड घालायचं. पण पाऊस लागला की आपल्याकडे फोनला रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं. यंत्राला टेकडीवर कोण नेणार? म्हणून साधी, मोठ्यानं ओरडणारी घंटा घेतली.

बसवताना आमच्या खूप चुका झाल्या. त्या सांगतो, म्हणजे तुमच्या होणार नाहीत.

पहिली चूक. आम्ही सेन्सर वर पत्र्याजवळ लावला, कुणाचा हात पोहोचू नये म्हणून. पहिला पाऊस आला आणि पत्र्यावर सरी कोसळल्या, की घंटा सुरू. रात्रभर. सेन्सर पत्र्याला किंवा पत्र्याला टेकलेल्या लाकडाला कधीही लावू नका. जिथे चोराचा घाव बसेल तिथे लावा. आमच्या खोलीत ती जागा म्हणजे दाराची चौकट, कोयंड्याच्या आतल्या बाजूला. लोखंडी कपाट असेल तर त्याच्या आत, दाराच्या बाजूला.

दुसरी चूक. आम्ही तो दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीनं चिकटवला. चौकटीवर धूळ होती, पट्टी सुटली आणि सेन्सर नुसता लोंबकळत राहिला. लोंबकळणाऱ्या सेन्सरपर्यंत दाराची थरथर पोहोचत नाही. आता आम्ही दोन स्क्रूंनी घट्ट बसवलाय. जितका घट्ट तितकं त्याला चांगलं कळतं.

तिसरी चूक सर्वांत मोठी. त्याच्यावर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून घंटा किती नाजूक ठेवायची ते ठरतं. आम्ही वाटलं, जास्त नाजूक म्हणजे जास्त चांगली. मग काय, शेजारची पिठाची गिरणी चालू झाली की वाजे. वाऱ्यानं दार हललं की वाजे. बाजाराच्या दिवशी जीप वळली की वाजे. आठ दिवसांत शेजाऱ्यांनी लक्ष देणं सोडलं. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आपण पोरांना सांगतो, इथे आम्हीच ते पोर झालो होतो. उगाच वाजणारी घंटा नसलेल्या घंटेपेक्षा वाईट, कारण ती वाजली तरी कुणी उठत नाही.

मग आम्ही एक दुपार त्यालाच दिली. एक जण बाहेर उभी राहिली, एक आत. आधी दारावर हातानं टकटक केलं. या टकटकीला वाजायला नको, असा स्क्रू लावला. मग गिरणी चालू असताना पाहिलं, वाजायला नको. मग कोयंड्यात पहार घालून ओढल्यासारखं केलं, तेव्हा वाजायला हवी. स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे, असं करत जमलं. काही यंत्रांत अशीही सोय असते, की एका धक्क्याला वाजत नाही, थोड्या वेळात लागोपाठ दोन-तीन धक्के आले तरच वाजते. मिळालं तर तसं घ्या. मांजर एकदाच उडी मारतं, चोराला मात्र पुन्हा पुन्हा घाव घालावे लागतात.

त्याच दुपारी घंटेचा आवाज किती दूर जातो तेही पाहिलं. एक ताई बाजाराच्या टोकाला उभी राहिली, एक ओढ्यापलीकडे. बाजारात ऐकू आला, ओढ्यापलीकडे नाही. म्हणून उठायची जबाबदारी आवाजाच्या आतल्या घरांनाच दिली. चार घरं ठरली. घंटा वाजली की एकटीनं जायचं नाही. आधी दुसऱ्या घराला हाक मारायची, दिवे लावायचे, आरडाओरडा करायचा, मग सगळ्यांनी मिळून जायचं. चोराला पकडायला धावायचं नाही, त्याच्या हातात पहार असते. तो पळाला तरी चालेल, माल वाचला की झालं. पोलीस पाटलांना कळवायचं, आणि ११२ नंबर तर सगळ्यांनी पाठ करायचा. पुणे, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एकानं फोन केला की नोंद असलेल्या सगळ्या गावकऱ्यांचे फोन एकदम वाजतात. अशी सोय आपल्या गावाला मिळेल का, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

आता ही घंटा कुठे उपयोगाची नाही तेही सांगायला हवं.

आपल्या पाड्यावरची बरीच घरं कुडाची. बांबूच्या तट्ट्याला शेणमाती लिंपलेली. कोंबडी टेकली तरी कूड हलतो आणि वाऱ्यानंही हलतो. अशा भिंतीला हा सेन्सर लावण्यात अर्थ नाही. घरात लोखंडी पेटी असेल तर ती खांबाला साखळीनं बांधा आणि सेन्सर पेटीच्या आत लावा.

दुसरं, पाड्यावर घरं दूर दूर. या टेकडीवर एक, त्या उतारावर एक. दिवाळीनंतर किती घरं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत जातात. मागे राहतात म्हातारी माणसं. होळीला तर काठीच्या राजवाडी होळीला सगळा मुलूख लोटतो, घरात कुणी नसतं. रिकाम्या पाड्यावर घंटा वाजली तर ऐकणार कोण? बाहेरगावी जाताना चांदीचे दागिने, कागदपत्रं आणि रोख रक्कम घरात घंटेच्या भरवशावर ठेवू नका.

तिसरं, ज्याच्या हातात किल्ली आहे त्याच्यासाठी ही घंटा वाजत नाही. किल्लीनं दार सावकाश उघडलं की हादरा बसतच नाही. त्यासाठी दाराला लावायचं चुंबकाचं यंत्र वेगळं असतं. दार आणि चौकट वेगळी झाली की ते वाजतं. आम्ही ते घेतलं नाही. आम्ही वही ठेवली. खोली उघडायची तर दोघी जणी हव्यात. तारीख, वेळ, किती पोती ठेवली, किती काढली ते लिहायचं आणि दोघींनी सही किंवा अंगठा द्यायचा. आणि आता किल्ल्याही दोन कुलपांच्या, दोन घरांत.

चौथं, रोख रक्कम. बैठकीत जमलेली बचत पेटीत साठवू नका. पंचसूत्रीत नियमित बचत आणि नियमित अंतर्गत कर्ज दोन्ही आहे. म्हणजे पैसा गटात फिरता हवा. उरलेला त्याच आठवड्यात बँकेत भरा किंवा बँक सखीकडे भरून पावती घ्या. बँकेत ठेवलेल्या रकमेला प्रत्येक खातेदारामागे एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. घरातल्या पेटीला तसा विमा नाही.

आणि देखभाल. महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी, आम्ही घंटा वाजवून पाहतो. कोण पाहणार ते पाळीनं ठरलेलं आहे. सेल आषाढाआधी आणि दिवाळीला बदलतो, वाजत असले तरी. ओलाव्यानं सेलला गंज येतो, म्हणून तोही पाहतो. घंटा तपासायची आहे हे शेजाऱ्यांना आधी सांगतो, नाहीतर पुन्हा लांडग्याची गोष्ट.

शेवटी तुम्ही विचाराल, एवढं करून उपयोग झाला का? नीट बसवल्यापासून वर्षभरात घंटा तीन वेळा वाजली. एकदा ट्रक मागे घेताना ओट्याला धडकला तेव्हा. एकदा एक मोकाट बैल चौकटीला पाठ घासत होता तेव्हा. तिसऱ्यांदा भर पावसात, रात्री दोनच्या सुमारास. चार घरं उठली, दिवे लागले, हाका सुरू झाल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा कुणी नव्हतं. कोयंडा वाकलेला होता आणि चिखलात बुटांचे ठसे होते. पोती मोजली, सगळी जागेवर. सकाळी पोलीस पाटलांना दाखवलं, वहीत नोंद केली.

त्या सकाळी किल्ली कुणाकडे होती, हे कुणीच विचारलं नाही. आणि ती होती मावशींकडेच. दोन किल्ल्यांची पद्धत सुरू झाल्यावर, आम्ही पुष्कळदा विनवल्यावर, त्यांनी एक परत घेतली होती. आता त्या दर बैठकीला येतात, आणि घंटा तपासायची पाळी कुणी विसरली तर सर्वांत आधी त्याच ओरडतात.

तर तायांनो, तुमच्या गटाचा माल कुठे एकत्र ठेवत असाल तर पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. चोर दाराशिवाय कुठून येऊ शकतो? घंटा वाजली तर कोण उठणार? आणि काही कमी पडलं तर आपण कुणाकडे बोट दाखवणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एखाद्या बाईचं नाव मनात आलं, तर आधी तिच्यासाठी काहीतरी करा. बैल गेला आणि झोपा केला, असं आमचं झालं. तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं सांगितलं.

कुणाला घंटा बसवताना अडचण आली तर बाजाराच्या दिवशी आमच्या खोलीवर या. दार, चौकट, सेन्सर, सगळं दाखवू. फक्त कोयंड्याला हात लावू नका, शेजारी धावत येतील!

जोहार.